नकटीचं शेपूट

आमच्याकडे चहाला बसलेल्या माणसानं कपात चमचा ठेवला की समजायचं, पुरे झालं. ठेवला नाही तर घरची बाई ओतत राहते. चमचा ढवळायला नसतोच मुळी. तळाशी खडीसाखरेचा खडा, वर कडक चहा, कडेनं सोडलेली साय, आणि मग जसं ओठाला लागेल तसं प्यायचं. आम्हा समुद्रकाठच्या लोकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. फाइट होलफेल्डर पडला दक्षिणेकडचा, बियर पिणारा माणूस. माझ्याकडे भाडेकरू म्हणून आला त्या पहिल्या दुपारी मी ओततेय आणि हा पितोय. मी मनात म्हणतेय, काय अधाशी आहे, महिन्याच्या रेशनचा चहा एका बैठकीत संपवणार. आणि तो बिचारा मनात म्हणतोय, काय आग्रह करते ही बाई, नाही तरी कसं म्हणायचं. शेवटी घामाघूम होऊन त्यानं माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. रीम्ट हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. त्यानं फाइटचा चमचा उचलून त्याच्या कपात ठेवला आणि म्हणाला, "कॅप्टन, ब्रेक इथं असतो."

त्या दिवसापासून दोघांचं मेतकूट जमलं. कामही दोघांचं एकाच ठिकाणी. शहरातला विमानांचा कारखाना बॉम्बनं जळाल्यावर त्याचा आराखडे काढणारा विभाग आमच्या गावाबाहेरच्या माळावर, लाकडी बराकींत आणून टाकला होता. रीम्ट तिथं शेपटांचा माणूस. विमानाचं शेपूट केवढं हवं, त्यावर किती वारा लागतो, ते कधी उचलतं, हा त्याचा विषय. फाइट चाचणी वैमानिक. आधी कुठल्याशा विमानात भाजला होता, त्याची खूण मानेपासून कानापर्यंत होती. एक पायही जरा ओढून चालायचा. आणि दोघांच्या मधे होती नकटी.

नकटी हे नाव आम्हा बायकांनी ठेवलं. नाकावर पंखा फिरवणारं लढाईतलं जुनं विमान घ्यायचं, त्याचं इंजिन आणि पंखा उपटायचा, आणि पोटाखाली जेट इंजिन लटकवायचं. जेट म्हणजे तोंडानं हवा ओढणारी आणि मागून आग ओकणारी भलीमोठी फुंकणी. नवं विमान बनवायला वेळ नाही, धातू नाही, माणसं नाहीत. पण जुन्या विमानांचे सांगाडे ढिगानं पडलेत, त्यांनाच फुंकण्या लावा, अशी बर्लिनमधल्या वरच्यांची अक्कल. पंखा गेल्यावर ते ध्यान पुढून अगदी नाक कापल्यासारखं दिसायचं. आज तेलाची नळी फुटली, उद्या फुंकणीच आली नाही, परवा हवाई हल्ला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

पण ते लग्न रखडण्यातच आमचं सुख होतं, खोटं कशाला बोलू. महायुद्धातला चव्वेचाळीसचा हिवाळा होता. गावात धडधाकट पुरुष उरले नव्हते. जे होते ते कारखान्याचे. रीम्टच्या नावापुढे सरकारी शेरा होता, ह्याच्यावाचून काम अडतं. गावातल्या बायका टोमणा मारायच्या, "तालेआ, तुझा अडलेला कसा आहे?" मी हसून घ्यायचे. नकटीचं काम चालू तोवर शेरा. काम बंद झालं की बंदूक आणि पूर्वेच्या आघाडीकडची आगगाडी. माझा भाऊ हाब्बो त्याच गाडीनं गेला. त्याचं पुढे काय झालं ते सांगायलाही कुणी परत आलं नाही.

उडवण्याआधी विमान मैदानावर नुसतं पळवून बघतात. फाइटनं नकटी पळवली. ती पळाली, गवत जाळत पळाली, पण मैदानाच्या टोकाला चर आला तरी शेपूट जमिनीवरच. फाइटनं थांबवलं. पुन्हा पळवली, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी चराच्या अलीकडे हा थांबवायचा. कारखान्याचे प्रमुख डॉक्टर ब्रिंकामा. त्यांनी आधी ओल्या मैदानाला दोष दिला. मग मैदान आखूड पडतं म्हणाले आणि ते लांबवायला लावलं. गोठलेल्या मातीवर फावडी चालवायला पूर्वेकडून धरून आणलेल्या बायका होत्या, तारेच्या कुंपणातल्या. पायात लाकडी खडावा आणि चिंध्या. मी सायकलवरून जाताना दुसरीकडे बघायचे. सगळं गावच दुसरीकडे बघायचं.

मैदान लांबलं, तरी शेपूट उठेना. मग ब्रिंकामांनी खांदे उडवले. नुसतं म्हणाले, भाजलेल्या माणसाला समजून घ्यायला हवं. झालं. एवढं पुरलं. बराकींतून गावात यायला त्या वाक्याला वेळ लागला नाही, आणि येताना त्याचं पार रूप बदललं. कॅप्टन घाबरतो. कॅप्टनचे हात थरथरतात. नाचता येईना अंगण वाकडं, आणि ह्याच्यासाठी अंगण लांबवून दिलं तरी ह्याला नाचता येत नाही ते नाहीच. दूध घालणारी शेजारीण गेशे मला फाटकाशी म्हणाली, "तुमच्याकडे ससा पाळलाय म्हणे." दुसऱ्या दिवशी कुणीतरी आमच्या फाटकाला खरोखर सशाची कातडी खिळ्यानं ठोकून गेलं. कान सुद्धा होते.

मला राग कुणाचा यावा? आला तो फाइटचा. माझं घर, माझं फाटक, आणि ह्या माणसापायी लोकांनी त्यावर मेलेला ससा टांगावा. कातडी मी काढून लाकडाच्या खोपटात फेकली आणि त्या दुपारी त्याला कानतुटका कप दिला. तो तीन कप प्यायला, चमचा ठेवला, "आभारी आहे, उल्फर्ट्सबाई," म्हणाला आणि वर खोलीत गेला.

रीम्टनं तो कप पाहिला. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्याच तोंडात मारली.

तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. हल्ली हा फाइटकडे बघून बोलत नव्हता. जेवताना ताटात बघायचा. फाइटनं मैदानाचं काही काढलं की हा उठून चुलीत लाकूड सारायचा, चुलीत जागा नसली तरी. रविवारी फाइट फिरायला गेला तेव्हा मी रीम्टला समोर बसवलं आणि विचारलं, शेपूट का उठत नाही? तू शेपटांचा माणूस ना?

घरी ह्यातलं काही बोलायची बंदी होती; बोललं तर तुरुंग. त्यानं खिडकी नीट लागलीय का बघितलं. मग टेबलावर चमचा ठेवला, आणि चमच्याच्या टोकाकडून मागे फुंकर मारली. म्हणाला, पंखा असला की त्याचा वारा थेट शेपटावर येतो. विमान हळू पळत असलं तरी वैमानिक शेपूट उचलू शकतो, आणि नाक खाली आल्यावर पंख काम करायला लागतात. नकटीला पंखा नाही. फुंकणीचा वारा पोटाखालून जमिनीला जातो. शेपटाला वाराच नाही, तर ते उठणार कसं?

"मग उठायचंच नाही का?"

"एक युक्ती आहे. ऐन वेगात ब्रेकला हलका धक्का द्यायचा. विमान पुढे झुकतं, शेपूट वर फेकलं जातं, आणि एकदा वर गेलं की राहतं. जास्त दाबलं तर नाकावर आपटून कोलांटी. उशिरा दाबलं तर चरात."

"तू हे कधीपासून जाणतोस?"

तो म्हणाला, "पहिल्या आराखड्यापासून."

मी म्हटलं, मग सांग की बाबा. त्या माणसाची गावभर अब्रू चाललीय, तू मूग गिळून काय बसलास? तर म्हणाला, ब्रिंकामांना ठाऊक आहे. बराकीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. पण हे कागदावर आलं तर नाकाखाली वेगळं चाक लावावं लागेल, म्हणजे शेपूट आधीपासूनच वर राहील. त्याला सांगाडाच नवा लागतो. म्हणजे जुन्याचं नवं करायचा सगळा फायदाच गेला. वरचे म्हणणार, बंद करा. आणि बंद केलं तर… एवढं बोलून त्यानं दाराजवळच्या खुंटीकडे पाहिलं. तिथं त्याचा कोट होता. शेजारची खुंटी हाब्बोची, रिकामी.

आणि मी, जी एवढी तोंडाळ म्हणून गावात ओळखली जाते, ती मी पुढे एक अक्षर बोलले नाही. कपबशा उचलल्या आणि धुवायला गेले. हात पाण्यात होते आणि मनात काय होतं सांगू? बरं वाटत होतं. माझा नवरा माझ्या घरात होता. मग जिन्यावर फाइटची पावलं वाजली, एक सरळ, एक ओढलेलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला लग्नातल्या कपांतला कप काढून दिला. त्यानं कप फिरवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. म्हणाला, "म्हणजे रीम्टनं सांगितलं तुम्हाला."

माझ्या हातून किटलीचं झाकण पडलं.

तो म्हणाला, बाई, मी आयुष्यभर विमानं उडवलीत, शेपटाला वारा लागत नाही हे माझ्या ढुंगणालाच कळतं, आराखडा कशाला हवा. दुसऱ्यांदा पळवलं तेव्हाच कळलं. ब्रेकची युक्तीही कळली. मला संताप आला. म्हटलं, मग उडवून दाखवा ना एकदाची. तोंडं बंद होतील लोकांची, माझ्या फाटकावर घाण तरी टांगणार नाहीत.

"उडवलं तर ती चांगली ठरेल," तो म्हणाला. "मग तशा शंभर बनतील, आणि त्यांवर शाळेतून उचललेली पोरं बसवतील. त्यांना जमायचंय होय ते, नेमक्या वेळी, नेमकं तेवढंच दाबायला? उडत नाही म्हणून सांगितलं तर काम बंद आणि रीम्ट गाडीत. मी भित्रा ठरलो की दोन्ही टळतं. विमान वाईट नाही, माणूस वाईट आहे. तुमचा नवरा घरी, पोरं जमिनीवर. माझं काय जातं? नाव जातं. ते तसंही गावाला उच्चारता येत नाही."

मी रडायला लागले तर म्हणाला, रडू नका, मी संत नाही. माझ्या थांबण्यापायी मैदान लांबवायला त्या बायका राबल्या, एक तिथंच पडली आणि उठली नाही, ते मला भरून देता येणार नाही. मग आवाज खाली आणून एवढंच मागितलं, की मला ठाऊक आहे हे रीम्टला कळू देऊ नका. "त्याला कळलं तर तो माझ्याबरोबर एका टेबलावर बसू शकणार नाही. मला इथला चहा आवडायला लागलाय."

असे काही आठवडे गेले. रोज दुपारी आम्ही तिघं बसायचो. एकाला वाटायचं आपलं गुपित झाकलेलं आहे, दुसऱ्याला ठाऊक की ते उघडं आहे, आणि मधे मी, किटली धरून. आग्रह कुणाला करावा आणि कुठल्या तोंडानं, हेच मला कळेनासं झालं होतं.

मग बर्लिनहून निरोप आला. मोठे साहेब नकटी बघायला येणार. आणि भित्र्या वैमानिकाच्या जागी नवा येणार. तो आलाही, डेटलेफ नावाचा, गालावर नुसती लव. ह्याच मैदानावर, गुरुवारी, सगळ्यांसमोर उडवून दाखवायचं ठरलं.

फाइटनं त्याला गाठून ब्रेकचं सांगितलं. पोरगं हसलं. सशाकडून पळायचं शिकता येईल, उडायचं कसं शिकणार, असं म्हणालं म्हणे, आणि भोवतीचे लोकही हसले. भित्र्याच्या शब्दाला किंमत ती काय असणार. आपणच आपली किंमत घालवून बसलो, असं फाइट घरी येऊन म्हणाला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यानं टेबलावर सगळं उघडं केलं.

"रीम्ट, मला सुरुवातीपासून ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुला ठाऊक आहे हेही ठाऊक आहे. नाव माझं जात होतं तोवर मी बोललो नाही. आता मान त्या पोराची आहे. शेपटांचा माणूस तू आहेस, तुझं तो ऐकेल. उद्या त्याला सांग. साहेबांसमोर सांगायला लागलं तरी सांग."

रीम्ट पांढराफटक पडला. त्यानं टेबलाची कड धरली. मग म्हणाला, "सांगतो."

मी म्हणाले का काही? नाही. मी स्वतः जाऊन डेटलेफला सांगितलं असतं तर, बाईला हे कुठून कळलं, नवऱ्यानं घरी सांगितलं, म्हणजे तुरुंग. असं मी स्वतःला समजावलं. समजूत अगदी पटण्यासारखी होती. अशा वेळच्या सगळ्या समजुती पटण्यासारख्याच असतात.

नवं विमान पहिल्यांदा उडालं की वैमानिकाच्या गळ्यात हिरव्या डहाळ्यांचा हार घालायचा, ही कारखान्याची रीत. हार बायका बांधतात. गुरुवारी सकाळी आम्ही मैदानाच्या कडेला उभं राहून तो बांधला; गेशे डहाळ्या देत होती, मी तार गुंडाळत होते, बोटांना टोचत होती. समोर साहेब लोक लांब कोटांत, त्यांच्याजवळ ब्रिंकामा, त्यांच्या मागे रीम्ट. फाइट एकटाच दूर, कुंपणाला टेकून. त्याच्या आसपास कुणी उभं राहत नव्हतं.

डेटलेफ विमानात चढत होता. मी रीम्टकडे बघत होते. आता जाईल. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. ब्रिंकामांनी मान न वळवता त्याला काहीतरी म्हटलं, अगदी थोडं. रीम्टनं टोपी काढली, आत बघितलं, जसं काही आत लिहिलंय, आणि पुन्हा घातली. पाऊल मागे आलं. फुंकणी पेटली, आवाजानं जमीन हलायला लागली, आणि तो आवाज आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर मला काय दिसलं असेल? हायसं वाटल्याचं दिसलं. आता ओरडलं तरी ऐकू जाणार नव्हतं ना.

नकटी निघाली. शेपूट खाली, नाक आभाळात, मागे जळकं गवत. मैदान संपत आलं तरी तसंच. आणि कुंपणापासून एक माणूस लंगडत पळत सुटला. नाक वर असलेल्या विमानातून समोरचं काही दिसत नाही, कडेचंच दिसतं, हे फाइटइतकं कुणाला ठाऊक असणार. तो कडेनं आला, डेटलेफच्या नजरेच्या बाजूनं, आणि नेमक्या एका ठिकाणी, कोट हलवत, थेट विमानाच्या वाटेत घुसला.

माणूस आडवा आला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. गेला. नकटी पुढे झुकली, शेपूट फटकन वर आलं. फाइट जमिनीवर आडवा पडला, पंख त्याच्यावरून गेला, आणि चराच्या अलीकडे नकटीची चाकं सुटली. ती उडाली. बायका किंचाळत होत्या, टोप्या उडत होत्या. मी हातातला हार इतका घट्ट धरला होता की तार तळव्यात घुसली.

डेटलेफ एक फेरी मारून नीट उतरला. हार त्याच्या गळ्यात पडला. आणि फाइटला दोन शिपाई धरून साहेबांपुढे घेऊन आले, अंगभर चिखल, कोट जळालेला. गर्दीत कुणी म्हणालं, बघा, स्वतःला जमलं नाही म्हणून दुसऱ्याचा जीव घ्यायला निघाला होता. साहेबांनी विचारलं, हे का केलंस?

फाइटनं रीम्टकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. रीम्ट दोन हातांवर होता, त्याला फक्त तोंड उघडायचं होतं. मी गर्दीतून त्याच्याकडे बघत होते आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या मनात आलं, बोल रे, गाडीत जा, पण बोल. रीम्टनं मान खाली घातली.

"मत्सर," फाइट साहेबांना म्हणाला. "दुसरं काय?"

त्याच दुपारी त्याला सामान घ्यायला घरी पाठवलं. बरोबर एक म्हातारा शिपाई. वैमानिकाचा पोशाख जमा, पायदळात रवानगी, पूर्वेकडची गाडी. शिपाई दाराशी बसला. मी चहा टाकला, कारण दुसरं काय करणार. रीम्टही येऊन बसला. साहेब खूश होते. तशा आणखी नकट्या बनवायचा हुकूम झाला होता, आणि सगळ्यांचे शेरे पक्के झाले होते.

मी किटली उचलली तर रीम्टनं ती माझ्या हातून घेतली. आमच्याकडे पुरुष चहा ओतत नाहीत. त्यानं ओतला. फाइटनं तो पिऊन कप पुढे ठेवला, रिकामा, चमचा बशीतच. रीम्टनं पुन्हा ओतला. तिसरा झाला. मी वाट बघत होते, आता ठेवेल चमचा. त्यानं ठेवला नाही. कप पुढे सरकवला आणि रीम्टच्या तोंडाकडे बघत बसला. तेव्हा मला कळलं. पहिल्या दुपारी त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. आज पुरेपूर ठाऊक होती. पाहुणा पीत असेपर्यंत शिपाईसुद्धा उठा म्हणणार नव्हता, तोही आमच्याच भागातला. फाइट रीम्टला वेळ देत होता. साहेब अजून गावातच होते, उपाहारगृहात जेवत होते. पळत गेलं तरी पोचता आलं असतं.

रीम्ट ओतत राहिला. खडीसाखर कधीच विरघळली होती, साय संपली, चहा नुसता काळा पडत होता. त्याचे ओठ एकदा हलले. किटलीतून शेवटचे थेंब पडले, मग चोथा आला, मग काही आलं नाही. त्यानं किटली तिरकी धरूनच ठेवली.

फाइटनं चमचा उचलला आणि अगदी हळू कपात ठेवला.

"पुरे, रीम्ट," तो म्हणाला. "ब्रेक कुठं असतो ते तूच शिकवलंस." मग माझा हात हातात घेतला, तार घुसलेला तळवा पाहिला, आणि पिशवी उचलून गेला.

गावानं आमचं कौतुक केलं. घर शुद्ध झालं म्हणाले. माळावर आता सकाळपासून हातोडे वाजतात, नकट्यांचे सांगाडे रांगेनं उभे राहताहेत, आणि डेटलेफसारखी आणखी पोरं आली आहेत. डेटलेफ त्यांना सांगतो म्हणे, की घाबरलं नाही की शेपूट आपोआप उठतं. रीम्ट कामावर जातो, घरी येतो, जेवतो. कोट खुंटीवर असतो. मला हवं होतं ते सगळं घरात आहे, आणि घरात बसवत नाही.

काल मी खोपटातून ती सशाची कातडी शोधून काढली, झटकली, आणि फाटकाला होती तिथंच, त्याच भोकात खिळा घालून ठोकली. गेशे दूध घेऊन आली. म्हणाली, आता कशाला गं, गेला ना तो ससा?

"तो गेला," मी म्हटलं. "ससे घरातच आहेत. दोन."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग दूध ओतून निघून गेली. ती कुठं काय बोलेल ते मला ठाऊक आहे. बोलू दे.

संध्याकाळी रीम्ट आला. खिडकीतून मला दिसत होता. तो फाटकाशी थांबला, कातडीकडे बघत उभा राहिला, खिळ्यापर्यंत हात नेला. मग हात खाली घेतला, फाटक लावलं आणि आत आला.